राहीचं बें

एक होतं करडू. एवढंसं. त्याची शेपटी त्याहून एवढीशी.

रोज सकाळी करडू दारात यायचं. टुण टुण टुण. म्हणायचं, "बें." पाळण्यातली राही म्हणायची, "बें."

राही अजून आई म्हणत नव्हती. बाबा म्हणत नव्हती. पण करडाला बें म्हणायची.

एके दिवशी करडू म्हणालं, "बें." राही गप्प. करडू मोठ्याने म्हणालं, "बें." राहीने मानसुद्धा वळवली नाही.

घरात टीव्ही ओरडत होता. ढँण ढँण ढँण. ऐकूच येईना, तर राही बोलणार कशी?

करडाला फार वाईट वाटलं. पण करडू हट्टी. माझं बें घेतल्याशिवाय जायचं नाही, म्हणालं.

टुण टुण टुण.
"टीव्ही टीव्ही, गप्प बस. राही बें म्हणेना."
टीव्ही म्हणाला, "राहीने बोलायला शिकावं म्हणून आबांनी मला लावलाय. आबांना बटण दाबू दे, मग बसेन."

टुण टुण टुण.
"आबा आबा, बटण दाबा. टीव्ही गप्प बसेना, राही बें म्हणेना."
आबा म्हणाले, "रिमोटवर मनी बसलीय. उठवलं की बोचकारते. मनी उठू दे, मग दाबीन."

टुण टुण टुण.
"मनी मनी, ऊठ. आबा बटण दाबेनात, टीव्ही गप्प बसेना, राही बें म्हणेना."
मनी म्हणाली, "इथे ऊब आहे. खाली ऊन येऊ दे, मग उठेन."

टुण टुण टुण.
"ऊन ऊन, आत ये. मनी उठेना, आबा बटण दाबेनात, टीव्ही गप्प बसेना, राही बें म्हणेना."
ऊन म्हणालं, "पडदा सरकू दे, मग येईन."

टुण टुण टुण.
"पडदा पडदा, सरक. ऊन येईना, मनी उठेना, आबा बटण दाबेनात, टीव्ही गप्प बसेना, राही बें म्हणेना."
पडदा म्हणाला, "मला हात नाहीत. कुणाला तरी ओढू दे, मग सरकेन."

हात करडालाही नव्हते. पण दात होते.

करडाने पडदा दातात धरला. ओढला. हलेना. पुन्हा ओढला. जरासा खाल्लासुद्धा. पुन्हा ओढला.

सर्र्र्र! पडदा सरकला.
ऊन आलं. मनी उठली. आबांनी बटण दाबलं. टीव्ही गप्प बसला.

घर कसं शांत शांत झालं.

करडू हळूच म्हणालं, "बें."
राहीने मान वळवली. खुदकन हसली.
"बें," म्हणाली राही.

आबा बघतच राहिले. मग पाळण्यापाशी बसले. राहीच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बें."
राही आबांनाही म्हणाली, "बें."

त्या दिवसापासून टीव्ही गप्प, आबा बोलके.

करडू गेलं गोठ्यात,
बें राहिलं ओठात,
गोष्ट आपल्या पोटात.