दिवसाला एक दया

ऐका बायांनो, प्रभूच्या दयेची कहाणी. आटपाट नगरात राजा होता, राणी होती. त्यांचं आपल्याला काम नाही. वेशीबाहेर ख्रिस्ती आळी होती. तिथं शांतवन दोर वळायचा. त्याची बायको तबीथा, लहानगी लेक दीना आणि म्हातारी आई राहीबाई. राहीबाईची जीभ दोराच्या वाखापेक्षा खरखरीत. इथल्या सासवांनी मनाला लावून घेऊ नये.

ईस्टरआधीचा उपासकाळ आला. तबीथा पाळकबाईंकडे गेली, म्हणाली, "बाई, मला नेम सांगा." "तू फुगशील, खचशील, अर्ध्यावर टाकशील." "फुगणार नाही, खचणार नाही, घेतला नेम टाकणार नाही." "मग ऐक. दिवेलागणीला ताटं वाढावीत. दिवसभरात देवानं केलेली एक दया मोठ्यानं सांगावी, मग घास मोडावा. लेकरांना आधी जेवू घालावं. दया खरी हवी, बनवून सांगू नये."

तबीथा रोज दया सांगू लागली. एकदा म्हणाली, "दीनाला दात आला." राहीबाई म्हणाली, "तो यायचाच होता. त्यात देवानं काय केलं?"

मग काय झालं? घराला आग लागली. वाख जळला, दोर वळायचा चरक जळला, वळलेले दोर जळले. तबीथानं उघड्यावर ताटं मांडली. म्हणाली, "माणसं वाचली, ही दया." घास मोडला.

मग तबीथाच्या अंगाला फोड आले. बसवेना, निजवेना. दिवेलागणीला म्हणाली, "आत्याबाईंनी लिंबाच्या पाल्यानं अंग पुसलं, ही दया." राहीबाई करवादली, "माझं नाव देवाला कशाला सांगतेस गं?" घास मोडला.

मग आळीत पटकी आली. शांतवन सकाळी आडवा झाला, दुपारी गेला, उन्हं उतरायच्या आत मातीआड झाला.

तीन बाया समाचाराला आल्या. एक म्हणाली, "नेमात खोट राहिली असेल." दुसरी म्हणाली, "आमच्या माहेरी असं कधी झालं नाही." तिसरी म्हणाली, "काय पाप केलं होतंस गं?" तबीथा म्हणाली, "पापी मी आहेच. त्याची शिक्षा प्रभूनं वधस्तंभावर सोसली. तीच पुन्हा माझ्या नवऱ्याला देईल, असा तो देव नव्हे." बाया पदर सावरून उठल्या.

दिवेलागण झाली. तबीथानं दीनाला भरवलं, दोन ताटं वाढली. दया सांगायला बसली. सकाळ आठवली, दुपार आठवली, संध्याकाळ आठवली. दया सापडेना.

राहीबाई म्हणाली, "त्याला फार त्रास झाला नाही, असं म्हण आणि जेव."

"झाला, आत्याबाई. त्याचा हात माझ्या हातात होता. खोटं नाही सांगणार."

मग तिनं वर पाहिलं. "देवा, आज तुझी दया मला दिसली नाही. पण तू दयाळू नाहीस, असं माझ्याच्यानं म्हणवत नाही. तूही आपला पुत्र थडग्यात पाहिलास. तू त्याला उठवलंस, माझ्या माणसालाही उठवशील. दया दिसेपर्यंत मी इथून हलायची नाही."

एक दिवस बसली, दुसरा दिवस बसली. पाणी प्यायली, घास मोडला नाही. राहीबाई चिडली, रडली, ताट आपटलं. तबीथा हलली नाही.

तिसऱ्या दिवशी राहीबाई तिच्याजवळ येऊन मांडी घालून बसली. मोठ्यानं म्हणाली, "देवा, मी राहीबाई. तुझ्याशी आजवर बोलले नाही. माझा मुलगा नेलास. त्याचा राग आहे, तो राहील. पण ही सून तू मला दिलीस. ही तुझ्याशीसुद्धा खोटं बोलत नाही. ही दया."

तबीथाला रडू फुटलं. "आत्याबाई, मला कशी दिसली नाही?"

"तुला कशी दिसेल? ती माझ्या वाट्याची होती. आता आ कर."

राहीबाईनं घास भरवला. तबीथानं तिला भरवला.

शांतवन परत आला नाही. फोड जायला वर्ष लागलं. पण त्या घरात नेम मोडला नाही. एकीला सुचेना, तर दुसरी सांगे.

राहीबाईला दया दिसली, तशी तुम्हा-आम्हाला दिसो. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी शेजारी बसलेलीला दिसो. ही साठा दुःखांची कहाणी पाचा घासांत सुफळ संपूर्ण. आमेन.