लाइट गेली की उन्हात बसणारे गुरुजी

एकदा एका गावात, सकाळी बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी, लख्ख ऊन पडलेले असताना एका घरातली लाइट गेली. लाइट जाण्यात नवल ते काय? नवल असे की त्या घराच्या स्लॅबवर सोलरच्या नव्याकोऱ्या प्लेटा होत्या आणि सूर्य अगदी त्यांच्या तोंडावर आला होता. तरी घरातला पंखा गरगरत थांबला, आणि त्याच्यासोबत एका लहान मुलीच्या तोंडाला लावलेले वाफेचे मशीनही थांबले.

मुलीचे नाव ईश्वरी. सगळे तिला इशू म्हणत. तिला बाळदमा होता. ढग आले की दम, धूळ उडाली की दम, शेजारी मिरची भाजली की दम. तिची आई कावेरी ही त्या घरची धाकटी सून. गेल्या कित्येक रात्री ती सलग झोपली नव्हती. बसल्या जागी डोळा लागायचा, दचकून उघडायचा, आणि उघडल्याबरोबर आधी इशूच्या छातीकडे जायचा. वर-खाली होते आहे ना, एवढेच बघायला.

त्या दिवशीही तिने मशीनचा खटका चारदा वर-खाली केला. मग बाहेर जाऊन मान वर करून प्लेटांकडे पाहिले. त्या चकाकत होत्या.

"एवढ्या प्लेटा डोक्यावर घेऊन बसलोय," आतून सासूचा आवाज आला, "त्या काय कावळ्यांना शेकायला?"

"आत्याबाई, थांबा ना जरा."

"मी थांबते गं. पोरीचा श्वास थांबंल का?"

या प्लेटांसाठी टेम्पोवर जाणाऱ्या नवऱ्याच्या मागे वर्षभर कावेरीनेच लकडा लावला होता. एकदा सोलर आले की लाइटीची कटकट मिटली, आपली वीज आपल्या घरात, कुणाची वाट बघायला नको, असे ती धरून चालली होती. प्लेटा बसवणारी माणसे जाताना काहीतरी समजावून सांगत होती खरी. पण तेव्हा इशू कडेवर रडत होती, चुलीवर... नव्हे, गॅसवर दूध उतू चालले होते, आणि ती नुसती 'हो, हो' म्हणत राहिली होती.

तिने इशूला मांडीवर उभी धरली, पाठीवरून हात फिरवत राहिली, आत्याबाई पुठ्ठ्याने वारा घालत राहिल्या. हळूहळू श्वास खाली बसला. पोर सावरली. आई मात्र सावरली नाही. तिने मोबाइल घेतला आणि बबन फिटरला फोन लावला.

"वहिनी, तुमच्या सोलरमध्ये बिघाड नाही," बबन म्हणाला. "ते मशीनच तसलं असतं. बाहेरची लाइट गेली की तेही गप बसतं. भित्रं असतं ते."

"मग ऊन असून काय उपयोग?"

"फसवायचं त्याला. आपण बाजूनं एक छोटा इन्व्हर्टर लावू. बाहेर लाइट आहेच असं त्याला वाटत राहील. मग गाव अंधारात आणि तुमचं घर झगमग. दुपारी जेवून येतो, सगळं सामान आहे माझ्याकडं."

"या," ती म्हणाली. "नक्की या."

आता त्या गावाच्या कडेला एक छोटा मठ होता. तिथे एक वृद्ध गुरुजी राहत. कावेरी दर गुरुवारी त्यांच्याकडे जप शिकायला जाई. शिकणे कसले, माळ हातात घेतली की तिची मान खाली पडे. पहिल्या दिवशी ती ओशाळली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "झोप लागली तर झोप, पोरी. देवाला सवय आहे." तेव्हापासून गावात ती एवढ्या एकाच ठिकाणी निर्धास्त बसत असे.

पण या गुरुजींची एक रीत सगळ्या गावाला चमत्कारिक वाटे. मठावरही भक्तांनी सोलर बसवून दिले होते, आणि तेही लाइट गेली की बंदच पडे. अशा वेळी माणूस काय करील? झाडाखाली जाईल, ओल्या पंच्याने मान पुसेल. गुरुजी उलटे करीत. लाइट गेली की आपली घोंगडी उचलून ते सावलीतून उठत आणि अंगणात भर उन्हात जाऊन बसत. लाइट आली की उठून आत येत. लोक हसत. कुणी म्हणे, म्हातारपण आहे. कुणी म्हणे, तप चालले आहे. चावडीवर तर गंमतच झाली होती. लाइट आली की नाही हे कळायला बटण दाबायचे नाही, मठाकडे बघायचे, असे म्हणत.

तो वार गुरुवारच होता. कावेरी इशूला खांद्यावर टाकून मठात आली, तर गुरुजी उन्हात बसलेले. डोक्यावर पंचा, कपाळावरून घाम ओघळतो आहे, नजर समोरच्या माळावर.

एरवी ती गप्प राहिली असती. पण थकलेल्या माणसाला राग लवकर येतो.

"गुरुजी, सावलीत बसा की! तुम्ही असं वाळत घातल्यासारखं बसल्यानं लाइट लवकर येती का?"

"नाही येत," गुरुजी म्हणाले.

"मग का बसता?"

"पोरीला झाडाखाली ठेव. आणि तू ये. थोडाच वेळ."

तिने इशूला कडुलिंबाच्या सावलीत चटईवर बसवले, हातात एक फुलपात्र दिले, आणि ती गुरुजींच्या शेजारी येऊन उभी राहिली. ऊन डोक्यात शिरत होते.

"समोर काय दिसतं?"

"माळ. खांब."

"खांबावर?"

तिने हाताचा आडोसा करून पाहिले. सगळ्यांत जवळच्या खांबावर एक माणूस होता. कमरेला पट्टा अडकवून, पायांनी खांबाला विळखा घालून तो तारेशी काहीतरी करत होता. खाली खांबाच्या बुंध्याशी चपलांचा जोड आणि एक पिशवी होती. पिशवी नव्हे, ते लहान मुलाचे जुने दप्तर होते. गुलाबी. त्यावर ससा होता. उघड्या तोंडातून पक्कड आणि तारेचे वेटोळे बाहेर आले होते.

"आपण काय म्हणतो? लाइट गेली," गुरुजी सावकाश म्हणाले. "जशी काही ती रुसून माहेरी गेली. ती कुठंही जात नाही, बाई. बहुतेक वेळा तिला कुणीतरी थांबवलेलं असतं, कारण कुणाचे तरी हात तारेवर असतात. आपल्याकडं अंधार असतो तेवढाच वेळ त्याचा जीव सुरक्षित असतो. त्याला सावली नाही, मला आहे. त्याच्या मदतीला जाण्याइतकी माझ्या पायांत ताकद नाही. म्हणून मी नुसता उन्हात येऊन बसतो. त्याला काही मिळत नाही त्यातून. पण माझ्या तोंडातून 'कधी येणार ही मेली लाइट' एवढं तरी निघत नाही."

कावेरीने पुन्हा खांबाकडे पाहिले.

"आणि या प्लेटा," त्यांनी मठाच्या छपराकडे बोट केले, "त्यांना लोक भित्र्या म्हणतात. मी बसवणाऱ्यांना विचारलं होतं, की बाबांनो, ऊन असून ह्या गप्प का बसतात? ते म्हणाले, घर आणि तार जोडलेली असतात. तारेतली वीज बंद असताना घरातली चालू राहिली, तर ती उलटी तारेत शिरते. पुढं डीपीत, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, गेली की तिचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. वर चढलेल्या माणसाला वाटतं तार मेलेली आहे. तो हात लावतो. म्हणून या प्लेटा तारेची चाहूल घेत असतात. पलीकडं शांत झालं की याही शांत होतात. निर्जीव वस्तू, पण तिला एवढं कळतं की आपली वीज आपल्या भिंतीपाशी संपत नाही."

कावेरीच्या कानांत 'फसवायचं त्याला' एवढेच शब्द वाजू लागले. ती म्हणणार होती, 'गुरुजी, मी आज दुपारी...' तेवढ्यात कमरेला खोचलेला मोबाइल वाजला.

"वहिनी, बबन बोलतोय. म्हटलं जेवण नंतर, आधी तुमचं काम. तुमच्याच घरी आहे. आत्याबाई म्हणतायत लवकर कर. जोडलंय सगळं, आता नुसतं चालू करतो. इशूचं मशीन लगेच..."

"थांबा!"

ती इतक्या जोराने ओरडली की झाडाखाली इशूच्या हातातले फुलपात्र पडले.

"हात लावू नका बबनभाऊ! कशालाच हात लावू नका!"

"अहो काय झालं?"

"वर माणूस आहे! माळावरच्या खांबावर माणूस चढलाय, मला दिसतोय तो! घर तारेपासून तोडणारा मेन खटका पाडलाय का तुम्ही?"

बबनचा आवाज, बराच खालच्या पट्टीत.

"पाडतो ना. पाडणारच होतो."

"पाडलाय का?"

"...नाही."

"सगळं काढा. आत्ताच्या आत्ता काढा. आत्याबाईला फोन द्या."

आत्याबाई फोनवर आल्या त्या तणतणतच. "अगं बाई, तुझ्याच पोरीसाठी चाललंय ना? का मी हौसेनं..."

"आत्या," कावेरी म्हणाली, आणि तिची नजर पुन्हा खांबाच्या बुंध्याकडे गेली. ती एवढेच म्हणाली, "त्याच्या पिशवीवर ससा आहे हो. पोरीचं दप्तर आहे ते. त्यालाबी पोरगी असंल."

फोनच्या त्या टोकाला आत्याबाई बबनकडे वळल्या. मग कावेरीला ऐकू आले, "ए बबन्या, काढ ते. काढ म्हणते ना. मी इथं उभी आहे, काढ."

कावेरी मातीतच खाली बसली. इशूच्या आजारपणात इतक्या वेळा रडायचे राहून गेले होते, ते सगळे तेव्हा आले. गुरुजींनी तिला गप्प केले नाही. उपदेशही केला नाही. ते पुन्हा समोर बघत बसले.

बऱ्याच वेळाने खांबावरचा माणूस सावकाश उतरला. त्याने चपला पायात घातल्या, दप्तर खांद्याला लावले, कुणाला तरी फोन केला. आणि मठातला पंखा फिरू लागला. त्या माणसाने मठाकडे पाहिलेही नाही. त्याला काय माहीत?

गुरुजी गुडघ्यावर हात देत उठले. "आता पोरीचं बोल. तिचं काय करायचं?"

तोपर्यंत कावेरीला वाटत होते की हे सारे म्हणजे तिला दिलेली शिकवण आहे, आणि शिकवण घेऊन रिकाम्या हाताने घरी जायचे असते. ती म्हणाली, "काय करणार? दम लागला तर मांडीवर घेऊन बसायचं."

"दुसऱ्याच्या जिवाची काळजी घे म्हणून सांगणारा मी, आणि तुझ्या लेकीचा जीव काय वाऱ्यावर सोडू?" गुरुजी पहिल्यांदाच थोडे रागावले. त्यांनी आतल्या खोलीतून एक खोके ओढत आणले. सप्ताहात भजनाच्या लाउडस्पीकरसाठी घेतलेला छोटा इन्व्हर्टर होता तो, बॅटरीसकट. "चार्ज करून ठेवलेला आहे. नेताना कुणाला तरी उचलायला बोलाव. लाइट गेली की मशीनची पिन याच्यात घालायची. भिंतीतल्या बटणाशी याचा संबंध नाही, तारेशी नाही. यातली वीज उलटी कुठंही जात नाही. आणि पुढं घरच्या सोलरला बॅटरी जोडायची झाली, तर घर तारेपासून आपोआप तुटेल अशी व्यवस्था असते, ती रीतसर माणसाकडून करून घ्या. लाइट नसताना दम लागला तर काय करायचं, हेही डॉक्टरला विचारून ठेव. अडचण खरी होती तुझी. वाट तेवढी चुकत होती."

"आणि सप्ताहाला भजन?"

"उघड्या गळ्यानं म्हणू. गावालाही जरा विश्रांती."

ती इतक्या दिवसांनी हसली की तो आवाज तिला स्वतःलाच ओळखीचा वाटला नाही.

यानंतर इशूचा दमा बरा झाला, कावेरीला झोप मिळू लागली, असे काही झाले नाही. दमा आहे, जागरण आहे, लाइट जातेच आहे. एवढे मात्र झाले. पुढच्याच आठवड्यात दुपारी पंखा थांबला. कावेरीने मशीनची पिन काढून खोक्यात घातली. घरघर पुन्हा सुरू झाली. इशूची वाफ घेऊन झाली, पोर डाव्या कुशीवर झोपली, तेव्हा कावेरी हात पुसत बाहेर आली आणि उन्हातल्या पायरीवर बसली. हातात माळ नव्हती. तरी मन कधी नव्हे ते एका जागी होते. कुठल्या तरी खांबावर, एका अनोळखी माणसाच्या हातांपाशी.

"अगं, एवढ्या उन्हात काय करतेस?" आत्याबाईंनी दारातून विचारले.

"बसलेय."

आत्याबाईंनी वर प्लेटांकडे पाहिले. रस्त्याच्या खांबांकडे पाहिले. मग पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि सुनेच्या शेजारी येऊन टेकल्या.

ज्यांच्या ओळखीत कुणाच्या घरावर सोलर आहे, त्यांनी एवढा निरोप त्या घरी पोहोचवावा: लाइट गेल्यावर तुमच्या प्लेटा गप्प बसल्या, तर त्यांना फसवू नका. वर कुणीतरी असेल.