राजाचा भाता आणि मिरचीचा धूर

“भात्याला ठिगळ लावायचे नाही, भाता बदलायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी घंटा ओतून तयार हवी!”

चंद्रावळचे राजे रणधवल यांनी ही आज्ञा केली, तेव्हा दरबाराने मान डोलावली. मान डोलावणे हे त्या दरबाराचे मुख्य काम होते आणि ते तो अत्यंत निष्ठेने पार पाडीत असे.

प्रश्न होता राजवाड्यामागील ओतशाळेतल्या दोन प्रचंड भात्यांचा. राजांच्या आजोबांनी बसवलेले हे चामड्याचे भाते जमिनीखालच्या खापरी नळातून भट्टीला वारा पुरवीत. अलीकडे मात्र कितीही दाबले तरी निखारे लालीच्या पुढे जाईनात आणि कासे वितळेना. देवळाच्या घंटेचा साचा रिकामाच पडला होता. दिवाण त्र्यंबकपंतांचे मत पडले, की नवे भाते घ्यावेत. त्यांचे मेहुणे भाते विकत, हा निव्वळ योगायोग. सेनापती म्हणाले, जुन्यांनाच ठिगळे लावावीत. चामड्याच्या कोठाराची किल्ली त्यांच्या कमरेला होती, हा दुसरा योगायोग. राजांनी दोघांनाही झिडकारले. आजोबांच्या भात्याला ठिगळ लावणे हा आजोबांचा अपमान, आणि तो फेकून देणे हा त्याहून मोठा!

“आणि घंटा झाली नाही तर, महाराज?” मुख्य ओतारी सटवोजी याने चाचरत विचारले.

“तर तुझ्या मुशी, तुझे साचे, सगळे सरकारजमा. आणि तू घरादारासह सीमेपार!”

सटवोजी घरी आला तो भिंतीला टेकून बसला. सगळे ऐकून त्याची मुलगी राही म्हणाली, “बाबा, नळाचं भट्टीकडचं तोंड लिंपून पाहिलंत?”

भाता पारखण्याची ओताऱ्यांची ही घरोघरची रीत. तोंड ओल्या मातीने लिंपायचे आणि भाता दाबायचा. वाऱ्याला वाट नसेल, तर भाता फुगलेलाच राहतो.

“राजाच्या भात्याचं तोंड लिंपायचं?” सटवोजी दचकला. “अगं, माझ्या बापाने नाही केलं ते!”

“म्हणून तर आपण सीमेपार चाललोय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीने तोंड लिंपले आणि गडी भात्यावर चढले. भाता फुस्सकन खाली बसला. मग तिने रिठ्याचा फेस करून चामड्याची शिवण न् शिवण माखली. पुन्हा भाता दाबला. एक बुडबुडा उठेल तर शपथ!

“चामडं धड आहे, बाबा. वारा जमिनीखालीच कुठेतरी पळतोय.” एवढे म्हणून ती थेट दरबारात गेली. “महाराज, एक पाटी सुक्या मिरच्या द्याव्यात.”

“घंटेला फोडणी घालतेस की काय गं?” दिवाण खदखदून हसले.

“फोडणी कुणाला बसेल ते दुपारी कळेल, दिवाणसाहेब!”

मिरच्या ही दुरुस्ती नव्हे आणि बदलही नव्हे, असा दरबाराचा निर्वाळा मिळवून राजांनी पाटी मंजूर केली आणि ते भोजनोत्तर विश्रांतीस गेले. राहीने भात्याच्या हवा ओढणाऱ्या झडपेपाशी निखारे ठेवले, त्यांवर मिरच्या ओतल्या आणि ती ओरडली, “दाबा!”

पहिला ठसका सेनापतींच्या वाड्यातून आला. दुसरा दिवाणांच्या माडीवरून. खुद्द त्र्यंबकपंत उशी घेऊन रस्त्यावर आले. कोतवाल आणि राजज्योतिषी एकमेकांच्या अंगावर शिंकत बाहेर पडले. अखेरीस राजवाड्याचे दार धाडकन उघडले आणि पागोटे हातात, डोळे लालबुंद, असे साक्षात महाराज ओतशाळेत अवतरले!

“कुणी... खॉक्... कुणी केलं हे?”

“वाऱ्याने, महाराज! भट्टीचा वारा जिथे जिथे जातो, तिथे तिथे तो आज वर्दी देऊन आला.”

खणताच पाच चोरनळ निघाले. दुपारच्या झोपेत गार झुळूक लागावी म्हणून मान्यवरांनी ते परस्पर जोडून घेतले होते. राजांच्या शय्येजवळचा वारा त्र्यंबकपंतांनी पर्वतावरचा म्हणून नजर केला होता, आणि राजकवींनी त्यावर चाळीस श्लोकही रचले होते.

चार नळ तत्काळ बुजवले. भट्टी पिवळी झाली, पण कासे कडेकडेलाच वितळले. पाचव्या नळाविषयी बोलण्याचे धैर्य कोणालाच होईना. तिसरा दिवस उजाडला. सटवोजी मुशी गोळा करू लागला. राही राजांपुढे उभी राहिली.

“महाराज, आपला नळ राहिला.”

“तो बंद करणं म्हणजे दुरुस्ती!” राजे गरजले. “आणि दुरुस्तीला माझी मनाई आहे!”

“दुरुस्ती बिघडलेल्याची होते, महाराज. आपल्या नळाला बिघडलेला म्हणण्याची माझी काय प्राज्ञा? सगळ्या राज्यात तोच तर उत्तम चालतोय!”

राजांनी दिवाणांकडे पाहिले. दिवाणांनी सवयीने मान डोलावली आणि मग ती मधेच थांबवली.

“अगं, पण मग दुपारी मला झोप कशी लागायची?” राजे जवळजवळ काकुळतीला आले.

“ती तशीही लागायची नाही, महाराज. घंटेचं देऊळ आपल्या शय्यागृहाच्या खिडकीसमोरच आहे!”

मग राजे रणधवल असे हसले, की कालचा उरलेला ठसका पुन्हा उसळला आणि ते हसत-खोकत मंचकावर आडवे झाले. “बुजवा! माझा नळ आधी बुजवा!”

सूर्य मावळण्यापूर्वी कासे पाण्यासारखे साच्यात उतरले. राजांनी मनगटातले सोन्याचे कडे राहीच्या हातात घातले, सटवोजीच्या मुशी-साच्यांना सरकारने कधी हात लावू नये अशी सनद दिली आणि ओतशाळेचा कारभार राहीकडे सोपवला. त्र्यंबकपंतांना वाऱ्याची विशेष आवड, म्हणून त्यांनाही मोकळे सोडले नाही. रोज दुपारी, ऐन झोपेच्या वेळी, भाता दाबण्याचा मान त्यांना मिळाला.