सप्ताहातलं घोटभर पाणी

एकदा एका मठात सप्ताह बसला होता. सात दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत निर्जळी उपास. दिवसा पाण्याचा थेंब नाही आणि औषध तर रात्रीही नाही, असा तिथला शिरस्ता. तो कोणी घालून दिला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो मोडण्याची कोणाची छातीही नव्हती. मठाचे आचार्य नव्वदी ओलांडलेले होते आणि रक्तदाबाने वीस वर्षं त्यांचा पिच्छा पुरवला होता.

त्यांचा ज्येष्ठ शिष्य पहिल्या दिवशी फार समाधानात होता. त्याची शहाऐंशी वर्षांची आई यंदा व्रताला बसली होती. तिलाही तोच विकार. सकाळी तिने गोळी घेतली नाही, तेव्हा "आई, धन्य तुझी निष्ठा," असं त्यानेच तिला चारचौघांत म्हटलं होतं.

प्रवचन रंगात आलं आणि आचार्य मध्येच थांबले. त्यांनी कफनीच्या खिशातून रक्तदाबाची गोळी काढली, उंच धरून सर्वांना दाखवली आणि तांब्यातल्या घोटभर पाण्याबरोबर गिळली. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो जवळ जाऊन पुटपुटला, "महाराज, घ्यायचीच होती तर आत जाऊन घ्यायची. या वयात देहाचा एवढा मोह लोकांना दिसला."

आचार्य मुद्दाम मोठ्याने बोलले. "दिसावा म्हणूनच इथे घेतली. गेल्या वर्षीच्या सप्ताहात माझे गुरुबंधू याच जागी बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी. व्रतासाठी गोळी सोडली. पाचव्या दिवशी बोलता बोलता जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. आपण काय म्हणालो? वय झालं होतं, पुण्याचं मरण आलं. मीही तेच म्हणालो, आणि त्याची मला लाज वाटते. ते नुसत्या वयाने गेले नाहीत, आपल्या भिडेने गेले. मला मरणाचं भय नाही. पण म्हाताऱ्याने आता मुकाट्याने जावं, असं सांगणाऱ्या शिरस्त्यापुढे मी मान तुकवणार नाही. पाप लागायचं असेल तर मला लागो. उद्याही इथेच घेईन."

शिष्य खालमानेने वळला, तेव्हा बायकांच्या रांगेत त्याची आई पदराची गाठ सोडत होती. सकाळची गोळी तिने गाठीत बांधून आणली होती. ती हातात धरून, परवानगी मागावी तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली.

शिष्याने आचार्यांचा तांब्या उचलला, भरल्या सभेतून चालत गेला आणि आईपुढे धरला.

"घे आई," तो म्हणाला. "सगळ्यांना दिसू दे."