घंटेचा अबोला

फार मागे, वसईकडच्या एका चर्चच्या घंटेने आत झुलणाऱ्या लोलकाशी अबोला धरला होता. त्याच्या ठोक्याने तिच्या काठाचा टवका उडाला होता ना!

एकदा शेजारची साळुंकी धापा टाकत आली. "अगं, तुझा दोर ओढणारे इनासकाका सांगत होते, उद्यापासून घंटा बंद!" पुढचं ऐकायला ती थांबलीच नव्हती.

घंटेने अबोला सोडला. "लोलका, टवक्याचं मी सोडून दिलं रे. कायमचं गप्प होण्याआधी बोल माझ्याशी."

"चुकलंच माझं," लोलक म्हणाला. "पण मलाही लागलं होतं गं."

दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेच्या दुखवट्यात, घंटा खरंच वाजली नाही. दोघं मात्र पोटभर बोलली. ईस्टरला इनासकाकांनी दोर ओढला आणि गाव दणाणलं.

"म्हणजे ईस्टरपर्यंतच बंद होय!" साळुंकी खजील झाली.

घंटा हसली. "अर्धंच ऐकलंस, बरं केलंस बाई."