रेघेबाहेरची चिंच

“पण चाचा, जे कापूनच टाकायचं, ते काढायचं कशाला?”

सुमेधने हे तिसऱ्यांदा विचारलं. शब्बीरचाचांनी तिसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत बसले.

साताऱ्यातल्या एका गल्लीत प्लॅस्टिकची कार्डं छापायचा हा कारखाना. शाळांची ओळखपत्रं, दवाखान्यांची कार्डं, पतसंस्थांची कार्डं. चाचांनी उभी हयात छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. खिळे गेले, तसे मुकाट कॉम्प्युटरशेजारी येऊन बसले. कॉम्प्युटरमधलं त्यांना फारसं कळत नाही, असं सुमेधचं मत होतं. पण चाचांनी ‘जाऊ दे’ म्हटल्याशिवाय एकही फाइल छपाईला जात नसे. तसा मालकांचा नियमच होता.

सुमेध चित्रकलेच्या परीक्षेत पहिला आलेला. चाचांच्या हाताखाली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्यातलं दीड वर्ष त्याने चाचांना शिकवण्यात घालवलं होतं.

टेबलावर कागदावर काढलेला नमुना होता. सुमेधच्याच गावच्या वाचनालयाचं सभासद कार्ड. वाचनालयाच्या अंगणातली चिंच त्याने कार्डभर काढली होती, आणि खोटं कशाला बोला, झाड बघत राहावं असं उतरलं होतं. पानं कार्ड कापायच्या रेघेपर्यंत येऊन थांबली होती. रेघेच्या पलीकडे नुसता हिरवा पट्टा.

“पानं हितं थांबली,” चाचा म्हणाले.

“कार्ड तिथं संपतं.”

“कार्ड संपतं... झाड संपतं व्हय?”

“बाहेर हिरवं ओतलंय की!”

“ओतलंयस. काढलं न्हाईस.”

सुमेधच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यातलं त्याला कळत नव्हतं असं नाही. छापलेलं प्लॅस्टिकचं शीट पारदर्शक पापुद्र्यांमध्ये घालून गरम दाबाखाली देतात. तिथे ते थोडंसं सरकतंच. मग सुरी रेघेवर न पडता जरा अलीकडे पडते, जरा पलीकडे पडते. चित्र रेघेपाशीच संपलं असेल, तर कार्डाच्या कडेला कोरं प्लॅस्टिक पांढरं उघडं पडतं. म्हणून चित्र चारी बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर वाढवायचं. धंद्यात त्याला ब्लीड म्हणतात. पण त्या तीन मिलिमीटरांत पान न् पान काढायचं, तेही केराच्या टोपलीसाठी?

“कोण बघणार आहे ते?”

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“काढून आण.”

सुमेध जागेवर जाऊन बसला. मनात दुसरंच सलत होतं.

त्याचे वडील, आबा, म्हणजे गौतम पेंटर. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली त्यांची सही. सुमेध लहानपणी पत्रा धरायला असायचा. आबा आधी पत्र्याची दुमडलेली कड रंगवायचे आणि मगच अक्षरांना हात घालायचे. रस्त्यावरून कड कुणाला दिसते, असं तो तेव्हाही विचारायचा. आबा कडेवरून ब्रश फिरवत राहायचे.

आता आबांचे गुडघे गेले होते, शिडी सुटली होती. गेल्या आठवड्यात त्यांनी फोनवर विचारलं होतं, “तू येवढं काढतोस, त्यावर तुझी सही कुठं असती रं?”

“आबा, आमच्या कामात सही नसते.”

“मग तू काढलंस हे कळायचं कसं?”

फोन ठेवल्यावरही तो प्रश्न पाठ सोडेना. त्यात वाचनालयाच्या वर्धापनदिनाला पहिलं कार्ड आबांच्याच हातात पडणार होतं. ते सगळ्यांत जुने सभासद. कार्डावर पोराचं नाव असावं, एवढंच सुमेधला हवं होतं. कुणाला दिसलं नाही तरी चालेल, आबांना दाखवता आलं पाहिजे.

दोन दिवस तो रेघेबाहेरची पानं काढत बसला. आणि ती काढता काढता, रेघेच्या आत, उजवीकडच्या कोपऱ्यात चिंचेच्या मुळाशी त्याने बारीक अक्षरांत, उभ्या ओळीत लिहिलं : सुमेध गौतम.

नवा नमुना चाचांपुढे गेला. चाचांनी भिंग घेतलं. डावीकडून सुरुवात केली. वरची कड झाली, खालची कड झाली. उजव्या कोपऱ्यात भिंग थांबलं.

“हे काय?”

“मूळ आहे.”

“मुळाला अक्षरं फुटली?”

सुमेधला राहवेना. आबांचा फोन, ती सही, वर्धापनदिन, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“नाव काढून टाक म्हणत न्हाई मी.”

सुमेधचा चेहरा उजळला.

“दोन मिलिमीटर बाहेर घे.”

“बाहेर? रेघेच्या बाहेर?”

“हूं.”

“म्हणजे कापलंच जाणार ते!”

“जाईल.”

“मग ठेवून काय उपयोग?”

चाचा भिंग पुसत बसले.

नोकरी सोडावी, असं त्या क्षणी सुमेधला वाटलं. पण फाइल आजच जायला हवी होती, आणि ‘जाऊ दे’ हे दोन शब्द म्हाताऱ्याच्या खिशात होते. दात-ओठ खात त्याने नाव उचललं आणि रेघेच्या पलीकडे, पानांच्या गर्दीत नेऊन ठेवलं.

“जाऊ दे,” चाचा म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी कार्डं कापून झाली. सहाशे सभासद, सहाशे कार्डं. यंत्राखाली कात्रणांचा ढीग साचला होता. सुमेधने वाकून मूठभर उचलली. प्रत्येक उजव्या कोपऱ्यावर त्याचं नाव होतं. एवढ्या वेळा आपलं नाव त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पोत्यात भरून भंगारवाल्याकडे जाणार होतं. त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

तो कार्डं तपासायला बसला. एखादं तरी चुकलेलं असेल, या आशेने. आणि खरंच, एक अख्खं शीट सरकलेलं निघालं. त्यातलं पहिलंच कार्ड हातात घेतलं, तर उजव्या कोपऱ्यात, मुळापाशी, स्वच्छ, पूर्ण : सुमेध गौतम.

तो कार्ड घेऊन पळतच चाचांकडे गेला.

“चाचा, बघा! सुरी सरकली!”

चाचांनी कार्ड हातात घेतलं. उजवा कोपरा पाहिला. मान डोलावली.

“आलं की नाव.”

“हे एवढं मला द्या. आबांसाठी.”

“घे.” चाचांनी कार्ड पुढे केलं, पण सोडलं नाही. “कार्ड कुणाचं हाय?”

सुमेधने डावीकडे पाहिलं. तिथे सभासदाचं नाव छापलं होतं. सुरी जेवढी उजवीकडे सरकली होती, तेवढंच डावीकडचं कापलं गेलं होतं.

“शोदा निकम,” त्याने वाचलं.

“शोदा?”

“यशोदा,” सुमेध हळूच म्हणाला. यशोदाकाकू त्याच्या आळीतल्याच. साठीत लिहा-वाचायला शिकल्या आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

चाचांनी बोटं सैल केली. कार्ड आता सुमेधच्या हातात होतं.

त्याने ते तुटलेलं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग त्याने ते कार्ड बाद मालाच्या डब्यात टाकलं. त्या शीटमधली उरलेली कार्डंही एकेक करून टाकली. बाद झालेली नावं सुमेधने स्वतःच पुन्हा छपाईला लावली. संध्याकाळपर्यंत सहाशे पूर्ण झाली आणि त्याने सगळी पुन्हा तपासली. कुठलं अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकलेलं, कुठलं वर, कुठलं खाली. पण पांढरी रेघ किंवा नुसता हिरवा पट्टा एकाही कार्डाला दिसत नव्हता. जिथे जिथे सुरी चुकली होती, तिथे चिंचेचं पान होतं.

हे त्याच्या लक्षात आलं. बरंही वाटलं. तरी मन हटून बसलंच होतं.

त्याने आबांचं कार्ड वेगळं काढलं आणि चाचांपुढे ठेवलं.

“चाचा...”

“बोल.”

“आबा विचारतील. तू काढलंस कशावरून, म्हणतील. मी काय दाखवू त्यांना?”

चाचांनी कार्ड उचललं. पुढची बाजू पाहिली नाही, मागचीही पाहिली नाही. डोळे मिटून कार्डाच्या चारी बाजूंनी सावकाश अंगठा फिरवला आणि कार्ड सुमेधच्या तळहातावर ठेवलं.

“पेंटर हाय न्हवं तो? कड दाखव.”