पेरू न देणारी खार

एका फळबागेच्या टोकाला, जाळीच्या कुंपणात, एक पाळीव ससा राहत असे. कुंपणावर झुकलेल्या पेरूच्या झाडावर त्याची मैत्रीण खार राहायची. बाळांनो, या खारीचं मन मोठं, पण घाई त्याहून मोठी! पिकला पेरू दिसला की टाक जाळीतून आत, केळ्याचा तुकडा मिळाला की तोही आत. मालकाने ठेवलेल्या वाळल्या गवताला ससा तोंड लावेना. कशाला लावेल? गोड आयतं मिळत होतं! बघता बघता तो असा फुगला की मान वळवून स्वतःची पाठ चाटणंही त्याला जमेना. चार उड्या मारल्या की धाप लागे, मग तो दिवसभर एका कोपऱ्यात पडून राही.

एके दिवशी कावळा म्हणाला, "खारूताई, तुझ्या मित्राचं काही खरं नाही. एवढी चरबी अंगावर घेऊन तो किती दिवस काढणार?"

खार घाबरली. "मग काय करू रे?"

"सोपं आहे. उपास! त्याच्या दाताखाली काडीसुद्धा जाऊ देऊ नकोस."

झालं! खारीने पेरू बंद केलाच, वर जाळीतून ओढून ओढून गवताची काडीन् काडी घरट्यात नेली. ससा म्हणाला, "अगं, भूक लागलीय मला." "लागू दे. तुझ्याच भल्यासाठी चाललंय हे," असं म्हणून ती मोठ्या ऐटीत शेपटी फुगवून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ससा अंग आखडून बसला होता. दुखण्याने दात करकर वाजत होते. खारीने घाबरून पेरूची फोड पुढे केली, तर त्याने ती हुंगलीसुद्धा नाही. ती रडत रडत शेजारच्या शेळीकडे धावली. "मावशी, लवकर चल! तो खातच नाही गं!"

शेळी कुंपणाशी आली. "लेंड्या टाकल्या का याने?"

"कालपासून नाही."

"अगं वेडे, काय करून बसलीस! सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. गवत थांबलं की पोट थांबतं, आणि पोट थांबलं की जीवावर बेततं." मग शेळीने असा काही ओरडा केला की मालक धावत आला आणि सशाला उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तो दिवस खारीने कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक.

ससा वाचला, परत आला. खारीने कान पकडले. शेळी म्हणाली, "गवत पोटभर, पाणी भरपूर, गोड मात्र बंद. आणि घाई करू नकोस बाई. वाढलेलं अंग सावकाशच उतरू दे." तेव्हापासून खार थोडा थोडा हिरवा पाला आणायची, पण एका जागी न टाकता कुंपणभर विखरायची, म्हणजे सशाला हिंडावं लागे. आणि रुसायचा किती तो! "पूर्वी तुझी माझ्यावर माया होती," असं म्हणून पाठ फिरवायचा. खारीला रडू यायचं. पिकला पेरू हाताशी असायचा. एक फोड दिली असती, तर त्याचा रुसवा तिथल्या तिथे गेला असता. पण ती द्यायची नाही. पाला विखरायची आणि मुकाट्याने झाडावर जायची.

असे दिवसांमागून दिवस गेले. थंडी पडली. एका सकाळी खार रिकाम्या हातांनी खाली उतरली, तर ससा पार पलीकडच्या टोकाहून धावत आला. तिच्या हातांकडे त्याने पाहिलंही नाही.

"चल," तो म्हणाला, "त्या टोकापर्यंत शर्यत लावतेस?"

खार पळतच सुटली, जाळीबाहेरून ती आणि आतून तो.

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला भरमसाट भरवू नये आणि घाबरून एकदम उपाशीही ठेवू नये, त्याच्या पोटाला मानवेल ते, त्याचा रुसवा सोसून, धीराने देत राहावं.